काळ्या पाषाणाच्या खाली : प्रस्तावना

महाराष्ट्रात भूगर्भाचा अभ्यास करू पाहणाऱ्याची पहिली अडचण त्याच्या पायाखालीच असते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेल्या लाव्ह्याने आजही पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपासचा प्रदेश झाकून ठेवला आहे. विहीर खणणारा माणूस त्यात मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण असे भेद करतो आणि ते त्याच्या कामापुरते चोख असतात. पण त्याची पहार थांबते तिथे बेसॉल्ट संपलेला नसतो. त्याच्याखाली काय आहे? ग्रॅनाइट, की लाव्हा येण्याआधीच्या नद्यांचा गाळ? आणि त्याच्याही खाली, कवच जिथे संपते आणि प्रावरण सुरू होते, तिथे काय चालले आहे?

खणून पाहावे म्हटले तर मजल फार जात नाही. कोयना परिसरात गोठणे येथे पाडलेले वैज्ञानिक छिद्र ३,०१४ मीटर खोल गेले. आपल्याकडच्या कठीण खडकात एवढे खोल जाणे ही मोठी कामगिरी आहे. तरी दख्खनच्या पठाराखाली कवचाची जाडी ढोबळमानाने ३५ ते ४० किलोमीटर भरते, त्या मानाने ही नुसती साल खरवडणे झाले. उरलेले सगळे न पाहता कळून घ्यायचे असते. त्याची दोन मुख्य साधने म्हणजे भूकंपलहरी आणि गुरुत्व. या पुस्तकाचा विषय ही दोन साधने आहेत, आणि त्याहूनही जास्त करून त्यांचे एकमेकांशी असलेले नाते.

आधी गुरुत्वाकडे वळू, कारण त्याची कथा जुनी आहे आणि तिचा एक धागा विदर्भातून जातो. भारताची महात्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारे विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले आणि तिथेच त्यांना पुरले. त्यांचे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी उत्तरेकडे नेले. मध्य भारतातले कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरजवळचे कलियाना या दोन ठाण्यांमधले अक्षांशाचे अंतर त्यांनी दोन रीतींनी काढले, जमिनीवर त्रिकोण मोजून आणि आकाशातले तारे पाहून. दोन्ही उत्तरांत ५.२३६ विकलांचा फरक पडला. जमिनीवर तो सुमारे १६० मीटर होतो. सहाशे किलोमीटरच्या अंतरात एवढी चूक कोणीही खपवून घेतली असती. एव्हरेस्ट यांच्या मोजणीत मात्र ती खपण्यासारखी नव्हती.

ओळंबा हिमालयाकडे ओढला जात असणार, हा संशय साहजिक होता. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट यांनी १८५५ मध्ये दिसणाऱ्या पर्वताचे वस्तुमान धरून ही ओढ मोजली, तेव्हा फरक १५.८८५ विकलांचा यायला हवा होता असे निघाले. म्हणजे चूक जास्त नव्हती, उलट तिपटीने कमी होती! पर्वत दिसतो तेवढा ओढत नाही, याचा अर्थ त्याच्याखाली कुठेतरी वस्तुमान कमी पडते आहे. त्याच वर्षी जॉर्ज एअरी यांनी सुचवले की पर्वताला हलक्या खडकाचे खोल मूळ असावे. पाण्यात जो ओंडका वर जास्त दिसतो तो खालीही जास्त बुडालेला असतो, तसे. प्रॅट यांनी पुढे वेगळाच पर्याय मांडला. मुळाची खोली सगळीकडे सारखीच, पण उंच भागाखालचा खडक कमी घनतेचा, असे त्यांचे म्हणणे.

इथे जरा थांबा. एकाच आकड्यातून दोन चित्रे निघाली आणि दोन्ही त्या आकड्यात तंतोतंत बसत होती. पुढच्या प्रत्येक प्रकरणात तुम्हाला हीच अडचण वेगवेगळ्या वेषांत भेटेल.

गुरुत्वमापी म्हणजे मुळात अतिशय नाजूक स्प्रिंगचा काटा. त्याचे एकक मिलीगॅल, पृथ्वीच्या ओढीचा साधारण दहा लाखावा भाग. तो काटा इमारतीच्या एका मजल्यावरून वरच्या मजल्यावर नेला तरी वाचन मिलीगॅलभर घटते. म्हणून क्षेत्रात काम करणाऱ्याचा निम्मा जीव उंची अचूक मोजण्यात जातो. मग अक्षांशाची दुरुस्ती, उंचीची दुरुस्ती, मधल्या खडकाची दुरुस्ती, आसपासच्या डोंगरदऱ्यांची दुरुस्ती. हे सगळे वजा करून जे उरते ती विसंगती, आणि अभ्यास तिचाच करायचा. दुरुस्त्यांचे प्रकरण कंटाळवाणे वाटून बरेच विद्यार्थी ते उडवतात. एकच उदाहरण देतो. मधल्या खडकाची घनता जगभर २.६७ धरण्याची रूढी आहे, आणि ग्रॅनाइटच्या मुलखात ती ठीक आहे. सह्याद्रीत पायाखाली २.८५-२.९ चा बेसॉल्ट असतो. किलोमीटरभर जाडीच्या थरात घनतेची ०.२ ची चूक म्हणजे आठ मिलीगॅलच्या वर. एखाद्या संशोधकाची अख्खी विसंगती तेवढ्यात उगवते किंवा मावळते.

भूकंपलहरींची शाखा वयाने लहान. ८ ऑक्टोबर १९०९ रोजी क्रोएशियात झाग्रेबजवळ भूकंप झाला आणि आंद्रिया मोहोरोविचिच यांनी वेगवेगळ्या वेधशाळांच्या नोंदी जमवल्या. ठरावीक अंतरापलीकडे त्यांना एकीऐवजी दोन प्राथमिक लहरी दिसू लागल्या. एक कवचातून सरळ आलेली. दुसरी आधी खोल जाऊन, तिथल्या जास्त वेगाच्या खडकातून धावून परत वर आलेली. लांबचा पण मोकळा रस्ता जवळच्या खड्ड्यांच्या रस्त्याला मागे टाकतो, तसेच. कवचात या लहरीचा वेग सेकंदाला सहा-साडेसहा किलोमीटर असतो, प्रावरणाच्या माथ्याला तो आठच्या घरात जातो. त्या सीमेला आज जगभर ‘मोहो’ म्हणतात. मराठीत हा शब्द ऐकताना थोडे हसू येते, पण ज्यांनी त्यापायी आयुष्ये घातली त्यांना तो आपल्या अर्थानेही लागू पडतो.

आता ‘मोहो’ किती खोल आहे हे पाहायला मोठा भूकंप आपल्या जवळ होण्याची गरज नसते. दूरच्या भूकंपाची प्राथमिक लहर खालून येऊन मोहोवर आदळते तेव्हा तिचा थोडा अंश दुय्यम लहरीत बदलतो आणि मागाहून पोचतो. उशीर मोजा, दर सेकंदाला ढोबळमानाने आठ किलोमीटर धरा. साडेचार-पाच सेकंदांचा उशीर म्हणजे ३५ ते ४० किलोमीटर. एका ठाण्यावर एक यंत्र आणि दोन-तीन वर्षांचा धीर एवढ्यावर हे जमते. तिबेटखाली कवचाची जाडी सत्तर किलोमीटरच्या आसपास निघते. तिथे तरी एअरी यांचे मूळ बरेचसे खरे ठरले, आणि त्याची खूण गुरुत्वाने नाही, लहरींनी पटवली.

यावरून लहरी श्रेष्ठ आणि गुरुत्व दुय्यम असे वाटेल. तसे नाही, आणि त्याचा दाखला दख्खनमध्येच मिळतो. लहर कमी वेगाच्या थरातून जास्त वेगाच्या थरात शिरते तेव्हाच ती सीमेलगत धावून परत वर येते. बेसॉल्टमध्ये वेग साधारण पाच; त्याखाली समजा वालुकाश्म असेल तर तिथे तीन-चार. अशा थरात शिरताना लहर आणखी खाली वळते, आणि त्या थराच्या माथ्यावरून अपवर्तित होऊन काहीच परत येत नाही. नोंदीत तो थर गायब. एवढेच नाही, त्यातून जायला लागलेला जास्तीचा वेळ बेसॉल्टच्या खात्यावर पडतो आणि तळचा ग्रॅनाइट आहे त्याहून खोल वाटतो. गुरुत्वाला हा पडदा नाही. गाळ हलका असेल तर तो काट्यावर येतोच, वर कितीही पाषाण असो. मात्र तो किती खोल आहे हे गुरुत्व नीट सांगत नाही. एखाद्या पुरलेल्या गोळ्याची ओढ त्याचे जास्तीचे एकूण वस्तुमान आणि केंद्राची खोली यांवर ठरते; लहान जड गोळा आणि मोठा हलका गोळा त्याला सारखेच. विसंगतीचा उतार किती तीव्र आहे यावरून एवढेच ठामपणे म्हणता येते की कारण अमुक खोलीपेक्षा खाली असू शकत नाही.

याच कोंडीत कोयना आणि कुर्डुवाडी सापडल्या. गुरुत्वाच्या नकाशात मुंबईच्या किनाऱ्यावर ठळक उंचवटा दिसतो, आणि १९६६ मध्ये त्याचा अर्थ कवचात घुसलेला जड खडक असा लावला गेला. आत मात्र कोयना आणि कुर्डुवाडीच्या बाजूला सखल पट्टे आहेत. १९७३ मध्ये कृष्ण ब्रह्मम आणि नेगी यांनी ते पट्टे म्हणजे बेसॉल्टखाली गाडलेल्या खचदऱ्या, असे मांडले. कल्पना आकर्षक होती, कारण १० डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप तोवर सगळ्यांच्या मनात ताजा होता आणि त्याला एखादी जुनी खचदरी सापडली असती तर हवीच होती. सत्तरच्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने सुरुंगांचे स्फोट घडवून गुहागर ते चोरोची आणि केळशी ते लोणी अशा दोन रेषांवर कवचाचा छेद घेतला. किनाऱ्यापासून घाट ओलांडून देशावर येणाऱ्या या रेषा आजही या विषयाची मुळाक्षरे आहेत. पण लहरींना गाळ दिसला नाही, हे गाळ नसल्याचा पुरावा म्हणून चालत नव्हते. का, ते वर सांगितलेच.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. गणेशविसर्जनाची रात्र उलटून गावे झोपली होती आणि किल्लारी, ज्या भागाला आम्ही स्थिर म्हणून शिकवत आलो होतो, तिथे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्याविषयी इथे जास्त लिहिणे प्रस्तावनेच्या चौकटीत बसत नाही. पण आमच्या पिढीने ‘स्थिर’ हा शब्द पुन्हा कधी सहज वापरला नाही. पुढे तिथे ६१७ मीटरचे छिद्र घेण्यात आले. बेसॉल्ट ३३८ मीटर, त्याखाली गाळ फक्त आठ मीटर, आणि मग जुना स्फटिकी पाया. कोयनेत गोठण्याला बेसॉल्ट १,२४७ मीटर निघाला आणि त्याखाली गाळच नाही, थेट ग्रॅनाइटी खडक. म्हणजे या दोन जागी तरी गाळाने भरलेली खोल दरी नाही. सखल पट्टे मात्र नकाशावर तसेच आहेत. त्यांचे कारण पायाच्या खडकात, किंवा त्याहून खाली कुठेतरी शोधावे लागते, आणि ते शोधणारे अजून एकमताचे नाहीत.

प्रावरणाकडे गेलो की चित्रे रंगीत होतात आणि धोका वाढतो. हजारो लहरींचे उशीर एकत्र सोडवून वेगाचा त्रिमितीय नकाशा काढण्याची रीत १९७० च्या दशकात रुळली. त्यात लाल म्हणजे मंद, निळा म्हणजे वेगवान. वाचणारा मनात लगेच लाल म्हणजे तापलेला असा अनुवाद करतो. दख्खनच्या लाव्ह्याचे मूळ ज्या तप्त स्तंभात मानले जाते, त्याची झळ खाली उरली असेल अशी अपेक्षा होती. १९८९ मध्ये अय्यर, गौर, राय आणि सहकाऱ्यांनी नकाशा काढला तेव्हा दख्खनखाली वेग उलट जास्त निघाला. दहा वर्षांनी केनेट आणि विदियान्तोरो यांना मंद वेगाचा पट्टा सापडला, पण तो वायव्येला, खंबातच्या बाजूला. दोन्ही निबंध एकापाठोपाठ वाचा. कोणते खरे हे ठरवण्याआधी प्रत्येकाच्या लहरी कुठून कुठे गेल्या होत्या ते पाहा. जिथून लहर गेलीच नाही तिथला रंग हा गणिताने भरलेला रंग असतो.

गुरुत्वाचे सर्वांत मोठे कोडेही आपल्या शेजारीच आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागराची सरासरी पातळी अपेक्षेपेक्षा सुमारे १०६ मीटर खाली आहे. पृथ्वीवर एवढा खोलगट भाग दुसरीकडे नाही. १९४८ मध्ये व्हेनिंग माइनेझ यांनी तो दाखवला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील देबांजन पाल आणि अत्रेयी घोष यांनी २०२३ मध्ये त्याचे स्पष्टीकरण मांडले. टेथिस समुद्राचा तळ प्रावरणात बुडाला, त्याने आफ्रिकेखालचे तप्त, हलके द्रव्य ढवळून वर आणले आणि ते या भागाखाली पसरले, असे त्यांचे प्रारूप सांगते. मला ते पटते. तरी ते कोट्यवधी वर्षांचा प्रवाह मागे नेऊन केलेले गणित आहे, हे विसरू नये.

घनता आणि वेग यांचा पूल बांधणाऱ्यांपैकी एक, फ्रान्सिस बर्च, यांनी १९५२ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात वाचकाला मिस्किल इशारा दिला होता. पृथ्वीच्या पोटातल्या प्रचंड दाबाखाली शब्दांचेही रूप पालटते. तिथला ‘निश्चित’ वरच्या जगात ‘शंकास्पद’ म्हणून वाचावा, अशा अर्थाचा. हा इशारा तुम्ही याच पुस्तकालाही लावा. मीही दोन-तीन ठिकाणी ‘निःसंशय’ लिहिले आहे.

गणिताची भीती बाळगू नका. बारावीचे कलन आणि सरळ समीकरणांचा संच सोडवण्याची सवय एवढ्यावर पहिली सहा प्रकरणे निभतात. व्युत्क्रम प्रश्नांचे सातवे प्रकरण दोनदा वाचावे लागेल. परिभाषेत मी हट्ट केलेला नाही. कवच, प्रावरण, गाभा हे शब्द रुळलेले आहेत, ते घेतले. जिथे मराठी शब्द कोशातच राहिला आहे तिथे प्रयोगशाळेत बोलतात तो ठेवला.

पहिले प्रकरण उलटण्याआधी एक काम करा. पुस्तकाच्या मागच्या खिशात गुरुत्वाचा नकाशा आहे. त्यावर कुर्डुवाडी शोधा, पूर्व-पश्चिम एक रेघ मारा, आणि तिच्याखाली काय असेल त्याचा छेद पेन्सिलीने काढा. मग त्याच आकड्यांत बसणारा, पण पहिल्याशी अजिबात न जुळणारा दुसरा छेद काढा. दोन्ही कागद जपून ठेवा. नवव्या प्रकरणात ते लागतील.