जड पाण्याची कुळकथा

खानदेशातल्या नंदुरबार जिल्ह्यातून तापी नदी गुजरातेत उतरते आणि उकाई धरण ओलांडून काकरापारला पोचते. तिथल्या अणुवीज केंद्राचा पहिला संच १९९३पासून व्यावसायिक वीज देतो आहे. त्याच्या अणुभट्टीत न्यूट्रॉनचा वेग कमी करायला जड पाणी लागतं. हे पाणी कुणी शून्यातून तयार करत नाही. ते साध्या पाण्यातच असतं. नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोरा गावच्या विहिरीतही आहे. ते वेगळं कसं काढायचं, हे शिकायला मात्र माणसाला कित्येक वर्षं लागली.

हायड्रोजनच्या साधारण साडेसहा हजार अणूंमागे एक अणू दुप्पट वजनाचा असतो. तो ड्युटेरियम. साध्या हायड्रोजनच्या जागी तो असलेलं पाणी म्हणजे जड पाणी. अमेरिकेत हॅरोल्ड युरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३१ साली तो शोधला. द्रवरूप हायड्रोजन हळूहळू उडवून देऊन मागे उरलेल्या अंशात त्यांना त्याची खूण सापडली. १९३४ साली युरींना नोबेल मिळालं. त्याच सुमारास नॉर्वेतल्या व्हेमोर्कच्या कारखान्यात विजेने पाणी फोडून जड पाणी साठवायला सुरुवात झाली. पण त्या वाटेने वीज अफाट जळते.

दुसरी वाट अदलाबदलीची. हायड्रोजन वायू आणि द्रव अमोनिया एकमेकांच्या सहवासात आले की आपले हायड्रोजन अणू बदलून घेतात. नवा पदार्थ तयार होत नाही. आधीही हायड्रोजन आणि अमोनिया, नंतरही तेच. मात्र जड अणूला अमोनियातला बंध अधिक मानवतो, म्हणून तो वायू सोडून तिकडे सरकतो. तापमान जितकं कमी, तितका हा ओढा जास्त. एका भेटीत पदरात फार थोडं पडतं. म्हणून उंच मनोऱ्यात वायू खालून वर आणि अमोनिया वरून खाली सोडतात, आणि ही भेट पुन्हा पुन्हा घडवतात. नुसत्या भेटीने अदलाबदल लवकर होत नाही. अमोनियात पोटॅशियम अमाइड हा उत्प्रेरक विरघळवावा लागतो. पाण्याचा वा ऑक्सिजनचा अंश लागला तर तो निकामी होतो, म्हणून वायू आधी अतिशय शुद्ध करावा लागतो.

भारताची सुरुवात परक्या मदतीने झाली. तुर्भ्याच्या सायरस अणुभट्टीसाठी जड पाणी अमेरिकेतून आलं. ती भट्टी १९६० साली सुरू झाली. १९६२ साली भाक्राच्या विजेवर नांगलचा कारखाना उभा राहिला. बडोदा आणि तुतिकोरिनला अमोनियाची रीत परदेशी तंत्रज्ञानाने आली. राजस्थानात कोट्याजवळ पाणी आणि हायड्रोजन सल्फाइड यांच्या अदलाबदलीचा कारखाना भारतीयांनी स्वतः घडवला. आणि १९८७ साली अलिबागजवळ थळला अमोनियाच्या रीतीचा कारखाना सुरू झाला, तोही देशी अभियंत्यांच्या बळावर.

थळची जागा विचारपूर्वक निवडलेली आहे. शेजारीच राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खत कारखाना. अमोनिया बनवण्यासाठी तिथे हायड्रोजन-नायट्रोजनचा वायू लागतोच. तो वायू आधी जड पाण्याच्या कारखान्यात येतो, आपलं ड्युटेरियम अमोनियाला देतो आणि खताकडे परत जातो. खताचं काही बिघडत नाही, कारण त्याला हलका हायड्रोजनही तितकाच चालतो. इकडे समृद्ध झालेला अमोनिया फोडतात. त्यातून मिळालेला ड्युटेरियम ऑक्सिजनबरोबर जाळला की जड पाणी हाती येतं. शेतकऱ्याच्या ओळखीचं युरियाचं पोतं आणि अणुभट्टीतलं जड पाणी असे एकाच वायूतून निघतात.

या सगळ्या खटाटोपाचं मोल अणुभट्टीत कळतं. साधं पाणी बरेच न्यूट्रॉन गिळतं. जड पाणी फारच थोडे. त्यामुळे खाणीतून आलेलं युरेनियम समृद्ध न करताही इंधन म्हणून चालतं. युरेनियम समृद्ध करण्याचं तंत्र जगातले मोजके देश जपून ठेवत असताना भारताला आपल्या भट्ट्या चालवता आल्या, त्यामागे हे पाणी आहे. एके काळी ते बाहेरून आणणारा देश पुढे दक्षिण कोरियाला ते विकू लागला.

शाळेत उलटसुलट चालणारी रासायनिक अभिक्रिया शिकवताना फळ्यावर दोन बाण काढले जातात आणि धडा पुढे जातो. खानदेशातल्या वर्गात त्या दोन बाणांशेजारी थळचे मनोरे आणि काकरापारची भट्टी यायला हवी. दोन्ही बाजूंना तेच पदार्थ दिसणाऱ्या अभिक्रियेतूनही एका देशाची अणुवीज उभी राहते, हे मुलांना आपल्याच नदीकाठच्या उदाहरणाने शिकता येईल.