मालकच नाही, मग संघटना कोणाविरुद्ध?

१ मे रोजी ख्रिस्तसभा कष्टकरी संत योसेफाचा सण साजरा करते. १९५५ साली परमगुरुस्वामी पायस बारावे यांनी तो सुरू केला. एका वर्षी या सणाच्या मिस्सेनंतर आमच्या धर्मग्रामातील एक माता आपल्या मुलासह आमच्याकडे आली. ती भाजी विकणारी. ती म्हणाली, "फादर, आम्हांला ना मालक, ना पगार. आमची कसली युनियन?" मुलगा नुकताच कारखान्यात मॅनेजर झाला होता. तो म्हणाला, "आणि मला तर आता युनियनवाले जवळही करणार नाहीत." दोघांच्याही प्रश्नाचे उत्तर आम्हांला इतिहासात शोधावे लागले.

मातेच्या प्रश्नाचे उत्तर अहमदाबादेत मिळते. तेथील गिरणी कामगारांची 'मजूर महाजन' ही संघटना १९२० सालची. तिच्या महिला विभागाचे काम पाहणाऱ्या वकील इला भट्ट यांच्याकडे १९७१ साली कापडबाजारात डोक्यावरून गाठोडी वाहणाऱ्या स्त्रिया आल्या. त्यांना मिळणारी मजुरी किती तुटपुंजी आहे, हे इलाबेनांनी वृत्तपत्रात लिहिले. व्यापाऱ्यांनी प्रत्युत्तर छापून आपण किती चांगले दर देतो, ते जाहीर केले. इलाबेनांनी तेच दर कार्डांवर छापून स्त्रियांच्या हाती दिले! व्यापाऱ्यांचाच शब्द आता त्यांच्यापुढे धरता येऊ लागला. पुढे जुने कपडे विकणाऱ्या स्त्रियाही त्यांना येऊन मिळाल्या आणि संघटनेची मागणी पुढे आली.

परंतु नोंदणीच्या वेळी निबंधक कार्यालयाने आक्षेप घेतला: या स्त्रियांना मालकच नाही, तर त्या झगडणार कोणाशी? १९२६ च्या कामगार संघटना कायद्यात मात्र केवळ मालक व कामगार यांचेच नव्हे, तर कामगार-कामगारांमधील संबंधांचे नियमन हाही संघटनेचा हेतू मानलेला होता. संघटना ही कोणाच्या विरोधासाठीच असते असे नाही, ती कष्टकऱ्यांच्या ऐक्यासाठी असते, हे स्त्रियांच्या बाजूचे म्हणणे अखेर मान्य झाले. एप्रिल १९७२ मध्ये 'सेवा' ही संघटना नोंदली गेली. १९७४ साली या स्त्रियांनी दहा-दहा रुपयांच्या भागांतून स्वतःची सहकारी बँक उभारली. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरी बसून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार संमत केला, त्यामागेही 'सेवा'चे प्रयत्न होते.

मुलाचा प्रश्न अधिक नाजूक होता. १९२६ च्या कायद्यात कामगार म्हणजे उद्योगधंद्यात नोकरीस असलेली प्रत्येक व्यक्ती. त्यामुळे मॅनेजरला संघटनेची बंदी नव्हती. परंतु १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्याने, त्यातील पुढील दुरुस्त्यांसह, व्यवस्थापकीय काम करणाऱ्यांना 'कामगार' या व्याख्येतून वगळले. म्हणजे सभासद होता येई, पण नोकरी गेल्यास त्या कायद्याचे संरक्षण मिळत नसे. शिवाय जो इतरांच्या शिक्षेच्या कागदावर सही करतो, त्याने त्यांच्याच संघटनेत बसणे दोघांनाही अवघड जाते. म्हणूनच बँक अधिकाऱ्यांनी आपल्या वेगळ्या संघटना उभारल्या.

२०२० साली संसदेने संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही हाच भेद राखला आहे. परंतु संघटनेपुरती कामगाराची व्याख्या तिने व्यापक ठेवली असून असंघटित क्षेत्रातील स्वयंरोजगारी व्यक्तीलाही त्यात स्थान दिले आहे. १९७२ साली जे वाद घालून मिळवावे लागले, ते आता कायद्याच्या शब्दांत आले आहे.

ख्रिस्तसभेला हा विचार नवा नाही. १८९१ सालच्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात परमगुरुस्वामी लिओ तेरावे यांनी केवळ कामगारांच्या, तसेच कामगार व मालक यांच्या संयुक्त अशा दोन्ही प्रकारच्या संघटनांचे स्वागत केले. १९८१ साली परमगुरुस्वामी जॉन पॉल दुसरे यांनी 'लाबोरेम एक्झेरचेन्स' या परिपत्रकात शेतमजूर व कार्यालयीन नोकरदार यांच्या संघटनांचा, तसेच मालकांच्या संघांचाही उल्लेख केला.

त्या मातेला आम्ही सांगितले, "बाई, तुमचा हक्क मालकामुळे येत नाही, तुमच्या घामामुळे येतो." मुलाला एवढेच म्हटले, "तू तुझ्या बरोबरीच्यांची संघटना जरूर कर. पण खुर्चीवर बसून सही करताना आईची टोपली विसरू नकोस." तो हसला नाही. त्याने आईच्या हातातली रिकामी टोपली आपल्या हाती घेतली आणि दोघे घराकडे निघाले.