नव्या वेषांतील जुनी आठवण

गेलेला काळ मनुष्यास गोड वाटतो, आणि ही गोडी जशी त्याच्या कथागीतांत उतरते तशीच ती त्याच्या वस्त्रांतही उतरते. जुन्या तऱ्हेचे कपडे हौसेनें घालणाऱ्या तरुणांस पाहून कोणी त्यास आजकालचें खूळ म्हणतात. परंतु इतिहास पाहतां हें खूळ नवें नाहीं. पॅरिस शहरांतील दोन प्रसंग या बाबतींत मनन करण्याजोगे आहेत.

पहिला प्रसंग १२ फेब्रुवारी १९४७ चा. त्या दिवशीं क्रिस्तियाँ दिओर या वेषरचनाकारानें आपल्या पेढीचा पहिला वस्त्रसंग्रह लोकांपुढें मांडला. युद्धकाळीं कापडाच्या टंचाईमुळें स्त्रियांचे झगे आखूड व तोकड्या घेराचे झाले होते, आणि खांदे शिपायाप्रमाणें चौकोनी. दिओरनें खांदे उतरते केले, कंबर आवळली आणि झग्याच्या घेरास वारेंच्या वार कापड घातलें. कार्मेल स्नो या अमेरिकन संपादिकेच्या उद्गारावरून या तऱ्हेस ‘न्यू लुक’, म्हणजे नवें रूप, असें नांव पडलें. वस्तुतः तें रूप जुनेंच होतें. दिओरचा जन्म १९०५ चा. त्याच्या बालपणीं त्याच्या आईच्या पिढीच्या स्त्रिया जो वेष करीत, त्याची ती आठवण होती. यांत व्यवहारही होता; कारण त्याचा भांडवलदार मार्सेल बुसाक हा मोठा कापड-कारखानदार असल्यामुळें कापडाचा खप वाढणें त्याच्या हिताचेंच होतें. उलट इंग्लंडांत कपड्यांचें रेशनिंग १९४१ पासून १९४९ पर्यंत चालू होतें. तेथें ही उधळपट्टी पुष्कळांस रुचली नाहीं.

दुसरा प्रसंग जानेवारी १९७१ चा. दिओरचाच एके काळचा सहाय्यक इव्ह साँ लोराँ यानें १९४० च्या सुमाराची तऱ्हा परत आणिली: रुंद खांदे, आखूड झगे, जाड तळव्यांचे जोडे, डोक्यास फेट्यासारखें गुंडाळलेलें वस्त्र. चित्रकार पिकासोची कन्या पालोमा जुन्या बाजारांतील असे कपडे घालीत असे. त्यावरून त्यास हें सुचलें. परंतु टीकाकार खवळले. जून १९४० पासून ऑगस्ट १९४४ पर्यंत पॅरिस जर्मनांच्या ताब्यांत होतें. चामडें मिळेना म्हणून तेव्हां जोड्यांस लांकडी तळवे लावीत. केशरचनेची सोय नसे म्हणून डोकें गुंडाळीत. ज्यांत तरुणांस शोभा दिसली, त्यांत वडील पिढीस भूक व मानहानि दिसली. तरीही थोड्याच वर्षांत ती तऱ्हा रस्तोरस्तीं रूढ झाली.

या दोहोंवरून एवढेंच निष्पन्न होतें कीं, वस्त्राचा आकार वारशानें मिळतो, त्यामागील कष्ट मिळत नाहींत. ते मुद्दाम विचारून घ्यावे लागतात. आपल्या ज्युबिलीनिमित्त ज्या मुली आजीचें लुगडें पेटींतून बाहेर काढतील, त्यांनीं तें नेसण्याची रीत तर शिकावीच. परंतु तें कोणत्या दिवसांत, किती काटकसरीनें घेतलें होतें, हेंही आजी हयात आहे तोंवर तिला विचारावें.