अंगणवाडी (बोर्डी-कोसबाड बालशिक्षण प्रयोग)

अंगणवाडी म्हणजे शालापूर्व वयाच्या मुलांना त्यांच्याच वस्तीत, घरापुढील अंगणात एकत्र करून शिकविण्याची पद्धती होय. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे १९४५ पासून ती विकसित केली. हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो. मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल, तर शाळेने मुलापर्यंत जावे, हे या पद्धतीचे मूलतत्त्व आहे.

पार्श्वभूमी

ताराबाईंनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत माँटेसरी पद्धतीने बालशिक्षणाचे कार्य केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे दादर येथील शिशुविहाराच्या कामात त्यांना जाणवले की, महागडी साधने व सुसज्ज इमारत यांवर आधारलेले शिक्षण शहरी सुस्थित कुटुंबांपुरतेच मर्यादित राहते. त्यामुळे ग्रामीण मुलांसाठी त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे कार्य डहाणू तालुक्यातीलच कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सान्निध्यात हलविण्यात आले.

बालवाडीचे दोन प्रकार

बोर्डीत बालवाडीचे दोन प्रकार होते. मध्यवर्ती बालवाडीत मुले ठरलेल्या जागी येत. अंगणवाडीत शिक्षिका वस्तीत जात असे. गरीब व अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबांतील मुले मध्यवर्ती बालवाडीत क्वचितच पोहोचत. आईवडील सकाळीच मजुरीस जात आणि घर व धाकटी भावंडे सांभाळण्याचे काम लहान मुलांवर पडे.

दैनंदिन स्वरूप

दिवसाचा आरंभ स्वच्छतेने होई. हातपाय धुणे, नखे कापणे, केस विंचरणे ही कामे शिक्षणाचाच भाग मानली जात. त्यानंतर गाणी, गोष्टी, खेळ व इंद्रियशिक्षणाचे उपक्रम होत. शिंपले, खडे, बिया, पाने अशा परिसरात विनामूल्य मिळणाऱ्या वस्तूंची मांडणी, वर्गीकरण व मोजणी मुले करीत. अंगणातच शिकविणे चालत असल्याने आयांनाही ते सहज पाहता येई. गृहशिक्षणात पालक स्वतः मुलांना शिकवितात. येथे शिक्षिका घराच्या दाराशी येत असली, तरी घराचे वातावरण व नित्याच्या वस्तू हाच शिक्षणाचा आधार राहिला.

कुरणशाळा व विकासवाडी

थोडी मोठी मुले दिवसभर गुरे राखत असल्याने त्यांच्यासाठी चराऊ रानातच 'कुरणशाळा' भरविण्यात आली. तसेच भावंडांना सांभाळणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून कोसबाड येथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या गेल्या. या एकत्रित रचनेस 'विकासवाडी' म्हणतात. मोठी बहीण वर्गात बसे, तेव्हा धाकटे भावंड शेजारच्या पाळणाघरात असे. अनुताईंचे आत्मचरित्र 'कोसबाडच्या टेकडीवरून' या नावाने प्रसिद्ध आहे.

प्रसार व सद्यःस्थिती

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव मिळाले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक शालापूर्व शिक्षण या तिच्या सहा सेवा होत. ठाणे जिल्ह्यातच, बारवी धरणाच्या परिसरातील अंबरनाथ व मुरबाड तालुक्यांत, ठाकूर व कातकरी समाजांच्या वाड्या आहेत. अशा लहान, विखुरलेल्या वस्त्यांसाठी योजनेत 'मिनी अंगणवाडी'ची तरतूद करण्यात आली.

शासकीय अंगणवाडीत आहार व आरोग्य यांना मोठे स्थान आहे, तर मूळ प्रयोगाचा गाभा शिक्षण हा होता. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १४ वर्षे वयोगटास आहे. ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी शासनाने व्यवस्था करावी, एवढीच अपेक्षा त्यात आहे. त्यामुळे पाड्यावरील लहान मुलाचे शालापूर्व शिक्षण आजही मुख्यतः त्याच्या वस्तीतील अंगणवाडीवर अवलंबून असते.

सन्मान

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण व अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री प्रदान करण्यात आली.