फार लॅपचे वाटेकरी

मेलबर्नच्या म्युझियममध्ये काचेच्या उंच पेटीपुढे मी वाकून उभा होतो तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, तोंड वर आहे त्याचं." तोंड मी नंतर पाहिलं. घोडा पाहायचा तो पायांपासून, ही आमच्या घरची शिस्त. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर मोतद्दार होते. माण तालुक्यातल्या कोरडवाहू गावातून आलेला माणूस. पहाटे साडेतीनला सात रस्त्याची खोली सोडायचा आणि दुपारी अंगाला चंदीचा आणि घामाचा वास घेऊन परतायचा. पावसाळ्यात घोडे पुण्याच्या सीझनला गेले की दादाही गेले. जुलै ते ऑक्टोबर आम्हाला वडील नसायचे, मनिऑर्डर असायची. गणपतीत इतर मुलं गावी जायची, आम्ही दादा पुण्याहून येतात का याची वाट पाहायचो.

काचेआड उभा होता तो फार लॅप. म्हणजे त्याचं कातडं. न्यूयॉर्कच्या जोनास ब्रदर्स या कारागिरांनी ते इतकं हुबेहूब चढवलंय की मानेखालच्या शिरासुद्धा दिसतात. सांगाडा इथे नाही, तो न्यूझीलंडला, वेलिंग्टनच्या ते पापा म्युझियममध्ये. काळीज तिसरीकडे, कॅनबेराच्या राष्ट्रीय म्युझियममध्ये, काचेच्या भांड्यात. त्याचं वजन ६.२ किलो, साधारण घोड्याच्या दुपटीच्या आसपास. आमच्या गावी भावाभावांत विहीर वाटतात तीसुद्धा पाण्याच्या पाळ्या लावून, विहीर कोणी फोडत नाही. या घोड्याची मात्र खरोखरच वाटणी झाली. आणि त्याची सगळी हकिकत वाचून काढल्यावर माझ्या लक्षात आलं, की ती मेल्यावर सुरू झाली नव्हती. तो दीड वर्षाचा होता तेव्हापासूनच त्याचे वाटे पडत होते.

न्यूझीलंडमध्ये तिमारू गावाजवळच्या सीडाउन स्टडवर ४ ऑक्टोबर १९२६ ला तो जन्मला. बाप नाइट रेड, आई एंट्रीटी. जानेवारी १९२८ मध्ये ट्रेंथमच्या लिलावात तो आला. सिडनीचा हॅरी टेलफर्ड नावाचा ट्रेनर, हाताला यश नसलेला आणि खिसा रिकामा, लिलावाच्या यादीतली वंशावळ वाचून हटून बसला की हे शिंगरू घ्यायचंच. पैसे नव्हते, म्हणून त्यानं डेव्हिड डेव्हिस या अमेरिकन व्यापाऱ्याला गळ घातली. न्यूझीलंडमधल्या भावाला, ह्यू टेलफर्डला, कळवलं की १९० गिनींपर्यंत बोली लाव. सौदा १६० गिनींत झाला.

शिंगरू बोटीनं सिडनीला उतरलं तेव्हा डेव्हिसचा संताप झाला. हाडं वर आलेली, चेहऱ्यावर चामखिळी, चाल वेडीवाकडी. याच्या शिकवणीवर मी एक पै खर्च करणार नाही, असं त्यानं सांगून टाकलं. मग दोघांत ठरलं ते असं : तीन वर्षं घोडा टेलफर्डकडे भाड्यानं, सगळा खर्च त्याचा, बक्षिसातले दोन वाटे त्याचे आणि एक डेव्हिसचा. आमच्याकडे शेळी अर्धलीनं देतात, तसलाच प्रकार. शेळीच्या अर्धलीत निदान करडं वाटून घेता येतात. इथे तीही सोय नव्हती, कारण टेलफर्डनं घोडा खच्ची करून घेतला होता. पुढे त्याच्यापासून शिंगरं निघणार नव्हती. जे काही मिळायचं ते त्याच्या पळण्यातूनच.

नावाची गोष्ट मला फार आवडते. सिडनीतल्या ऑब्रे पिंग या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं ते सुचवलं. थाई भाषेत 'फा' म्हणजे आभाळ, 'लॅप' म्हणजे चमक, दोन्ही मिळून वीज. इंग्रजीत ते एफनं सुरू व्हायचं, पण नाव दोन शब्दांचं आणि सात अक्षरांचं असलं की मेलबर्न कप लागतो अशी एक समजूत होती, म्हणून एफच्या जागी पी-एच आलं. रेसकोर्सवरची माणसं जगात कुठेही सारखीच. दादांचे एक ट्रेनर शनिवारी घोड्याला नवा लगाम चढवू देत नसत.

वीज मात्र लगेच कडाडली नाही. फेब्रुवारी १९२९ मध्ये पहिल्या शर्यतीत फार लॅप सगळ्यात शेवटी आला. पुढच्या तीन शर्यतींतही त्याची दखल घ्यावी असं काही झालं नाही. टेलफर्ड त्याला वाळूच्या टेकड्यांवरून पळवत राहिला. हे जनावराला मारून टाकेल, असं लोक म्हणत. २७ एप्रिलला रोझहिलवर, पाचव्या खेपेला, सतरा वर्षांच्या जॅक बेकरनं त्याला पहिल्यांदा जिंकून आणलं. त्याच वर्षी सिडनीची डर्बी त्यानं मारली, मग मेलबर्नची. नोव्हेंबरच्या मेलबर्न कपात तो फेव्हरिट होता, पण नेहमीच्या जिम पाइकला तेवढं कमी वजन जमेना, म्हणून बॉबी लुइस बसला. घोडा सुटायला धडपडत होता, लुइस त्याला ओढून धरत होता, आणि त्या ओढाओढीत तिसरा नंबर आला. जिंकला नाइटमार्च. तोही नाइट रेडचाच पोर.

यानंतरच्या विजयांची यादी मी देत नाही. ५१ शर्यतींत ३७ जिंकल्या, एवढं पुरे. आकड्यांपेक्षा मला त्याच्या पाठीवर चढत गेलेलं वजन जास्त बोलकं वाटतं.

हँडिकॅप शर्यतीचा हिशेब असा की सगळे घोडे शेवटच्या खांबाशी एका रांगेत यावेत. ते तसे कधी येत नाहीत, पण प्रयत्न तोच. चांगल्या घोड्यावर जास्त वजन, सामान्यावर कमी. जॉकी हलका पडला तर जीनखालच्या कापडाच्या खिशांत शिशाच्या पट्ट्या घालायच्या. त्या पट्ट्या मी लहानपणी हातात घेतल्या आहेत. पोरानं एका हातात धरली तर खांदा झुकायचा. १९३० च्या कपाला फार लॅपवर ९ स्टोन १२ पौंड घातले, म्हणजे साडेबासष्ट किलो. कप दोन मैलांचा. तरीही भाव इतका उतरला की ११ पौंड लावणाऱ्याला नफा फक्त ८ पौंडांचा. मेलबर्न कपाच्या इतिहासात असा भाव दुसऱ्या कोणत्याही घोड्याला आलेला नाही.

बुकींची झोप उडायला आणखीही कारण होतं. कॉलफील्ड कपाला अमूनिस आणि मेलबर्न कपाला फार लॅप, अशी जोडी पुष्कळांनी आधीच लावून ठेवली होती. अमूनिस जिंकला होता. आता दुसरा लागला तर बुकी बुडणार होते.

शनिवार, १ नोव्हेंबर १९३०. टॉमी वुडकॉक हा पंचविशीतला तरुण तट्टावर बसून फार लॅपला पहाटेच्या सरावाहून ग्लेन हंटलीच्या तबेल्याकडे आणत होता. रस्त्यात एक मोटार आली, आतून बंदूक बाहेर आली. टॉमीनं तट्टू मध्ये घातलं. गोळी चुकली. मोटारीतली माणसं कधीच सापडली नाहीत. दुपारी तोच घोडा फ्लेमिंग्टनवर मेलबर्न स्टेक्स जिंकला!

माझी मुलगी आता त्याच भागात राहते. कॉलफील्डचा रेसकोर्स तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. महालक्ष्मीचा ट्रॅक १८८३ मध्ये या कॉलफील्डवरून आखला असं आमच्याकडचे जुने लोक सांगत. दादांनी हे नाव आयुष्यात कितीदा उच्चारलं असेल, 'कालफिल' म्हणायचे. ते कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. कुंपणाशी उभं राहून मी वळण पाहिलं. ओळखीचं वाटलं. तसं वाटावं असं मनात होतंच म्हणा.

कपापर्यंतचे दिवस घोडा जिलाँगजवळच्या सेंट अल्बन्स स्टडवर लपवून ठेवला. मंगळवारी निघायच्या वेळी गाडीच चालू होईना. शर्यतीला तासाहून कमी वेळ उरला असताना तो फ्लेमिंग्टनवर पोचला आणि तीन लेंग्थनी जिंकला. गुरुवारी लिनलिथगो स्टेक्स, शनिवारी फिशर प्लेट. एका शनिवारपासून दुसऱ्या शनिवारपर्यंत चार शर्यती, चारही जिंकलेल्या. आज कुठला ट्रेनर असं करील? मी तर याला पराक्रमाइतकाच हावरेपणा म्हणेन. पण दिवस मंदीचे होते. पुढच्या दीडदोन वर्षांत तिकडे दर दहा कामगारांतले तीन बेकार झाले. रांगेत उभं राहून शिधा घेणाऱ्या माणसाच्या वाट्याला दुसरं काय जिंकणं येणार होतं? एका शिलिंगात त्यालाही घोड्यातला वाटा मिळत होता.

आमच्या घरी एक फोटो आहे. दादांचा घोडा जिंकल्यानंतरचा. मालक, त्यांच्या पत्नी, ट्रेनर, वर जॉकी. डाव्या कडेला लगाम धरलेला एक हात मनगटापर्यंत आलाय. आई पाहुण्यांना बोट ठेवून दाखवायची, "हे आमचे."

टॉमी वुडकॉक हा दादांसारखाच मोतद्दार. भाडेकरारात त्याचं नाव नव्हतं. घोडा त्याच्या हातून खायचा, त्याच्या शर्टाची टोकं चावायचा. रेसबुकात फार लॅप, वर्तमानपत्रांत 'लाल दहशत', टॉमीच्या तोंडी नुसता 'बॉबी'. दादाही घोड्यांना कागदावरच्या नावानं कधी हाक मारत नसत. एकाला 'पाटील' म्हणायचे, कारण तो दाणे समोर आल्याशिवाय मान हलवत नसे.

१९३१ मध्ये भाडेकरार संपला. त्याच घोड्याचा अर्धा वाटा टेलफर्डला आता ४,००० पौंड देऊन विकत घ्यावा लागला. त्या वर्षीच्या कपाला हँडिकॅपरनं १० स्टोन १० पौंड घातले, ६८ किलो. १८९० मध्ये कार्बाइननं १० स्टोन ५ पौंड घेऊन कप मारला होता, तो विक्रम आजही उभा आहे. त्याच्याहीवर पाच पौंड. घोडा पळवू नये असं टेलफर्डचं म्हणणं, डेव्हिसचा हट्ट पळवण्याचा, असं सांगतात. जिंकणं शक्य नाही दिसल्यावर पाइकनं त्याला दमवलं नाही. आठवा नंबर आला. जिंकला व्हाइट नोज.

मग डेव्हिसनं त्याला अमेरिकेकडे नेलं. टेलफर्ड गेला नाही, ट्रेनर म्हणून गेला टॉमी. बोटीनं सॅन फ्रान्सिस्को, तिथून रस्त्यानं मेक्सिकोत तिहुआनाजवळच्या आग्वा कॅलिएन्टेपर्यंत. तिथल्या शर्यतीचं बक्षीस आधी एक लाख डॉलर गाजवलं होतं, ते निम्म्यावर आलं. आयुष्यभर गवतावर पळालेला घोडा, इथे माती. त्यात खूर फाटलेला. दादा असते तर इथेच म्हणाले असते, "घरी आणा त्याला." २० मार्च १९३२ ला बिली एलियटनं त्याला मागे ठेवलं, मग बाहेरून काढलं, आणि सव्वा मैल २ मिनिटं २.८ सेकंदांत. ट्रॅकचा नवा विक्रम.

सोळा दिवसांनी, ५ एप्रिलला, कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कच्या तबेल्यात टॉमीला पहाटे तो वेदनेनं तळमळताना दिसला. काही तासांतच रक्तस्राव होऊन तो टॉमीच्या मिठीत मेला.

मग सुरू झाल्या अफवा : अमेरिकी गुंडांनी विष घातलं, गवतावर फवारलेलं औषध खाल्लं, अजून काय काय. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी कातड्यावरचे केस क्ष-किरणांखाली तपासले, तेव्हा मरणाच्या दीडेक दिवस आधी आर्सेनिकचा मोठा डोस पोटात गेल्याची खूण मिळाली. काही पशुवैद्यांचं मत वेगळं, आतड्याच्या अकस्मात दाहानंही असंच मरण येतं म्हणतात. टेलफर्डची औषधांची हस्तलिखित वही पुढे म्युझियमनं लिलावात घेतली. तिच्यातल्या टॉनिकांत आर्सेनिक आहे, स्ट्रिक्निनही. त्या काळी ते सगळेच घालत, भूक वाढावी आणि कांती चकाकावी म्हणून. मला गुंडांच्या गोष्टीत फारसा दम वाटत नाही. चमचा एकदा जास्त भरला गेला असेल, आणि तो कोणाच्या हातून, हे विचारायचं धैर्य मला होत नाही. दादांचा एक घोडा पोटशुळानं रात्रीत गेला होता. आपल्याच हातानं घातलेली चंदी पाखडायला ते दोन दिवस बसून होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे दुसरा घोडा आला.

टॉमीकडेही आले. तो ट्रेनर झाला, म्हातारा झाला. १९७७ मध्ये त्याच्या रेकलेस नावाच्या घोड्यानं सिडनी, ॲडलेड आणि ब्रिस्बेन असे तीन कप मारले आणि नोव्हेंबरात तो मेलबर्न कपाला उभा राहिला. टॉमी तेव्हा ७२ वर्षांचा. आदल्या रात्री ब्रूस पोस्टल या छायाचित्रकारानं तबेल्यात घेतलेला फोटो तिकडे सर्वांना माहीत आहे. गवतावर घोडा बसलाय, त्याला टेकून म्हातारा आडवा झालाय. दुसऱ्या दिवशी रेकलेस गोल्ड अँड ब्लॅकच्या मागे दुसरा आला.

मुलीनं तो फोटो मला फोनवर मोठा करून दाखवला. मी घोड्याचे पाय शोधले. गवताखाली दडलेले होते.