फझ पेडलमधील गुणगुण
घरी जुळवलेल्या फझ पेडलमधून (गिटारचा स्वर मुद्दाम विरूप करणाऱ्या उपकरणातून) गिटारच्या स्वराबरोबर येणारा अनाहूत विद्युत् ध्वनी. फझ मंडलात विवर्धन फार मोठे असल्याने (पहा : विवर्धक) आदानातील सूक्ष्म गोंगाटही वाढतो. भारतीय वीजपुरवठ्याची गुणगुण ५० हर्ट्झची, तर अडॅप्टरमधील अपुऱ्या गाळणीची बहुधा १०० हर्ट्झची असते (पहा : एकदिशकारक). पहिली कसोटी ९ व्होल्ट बॅटरीची, आणि तीच सर्वांत उपयुक्त : बॅटरीवर आवाज थांबल्यास दोष पुरवठ्याकडचा. अन्यथा ग्राउंडचे सैल डाखकाम व आदानाची लांब, उघडी तार तपासावी. ग्राउंडला जोडलेला ॲल्युमिनियमचा डबा विद्युत् क्षेत्र अडवतो. गिटारच्या एकवेटोळी पिकअपने पकडलेली चुंबकीय गुणगुण मात्र त्याने थांबत नाही (पहा : विद्युत् चुंबकीय प्रवर्तन).