दुसऱ्याच्या दुःखाच्या घरात

आज ज्या अल्बमविषयी बोलायचं आहे, तो ऐकायला बसलात तर तुमच्यापैकी बरेच जण पहिल्या पाच मिनिटांतच उठून जातील. त्यात त्यांचं काही चुकलं असंही आम्ही म्हणणार नाही. सुरुवातच मुळी एका माणसाला मारहाण होत असल्याच्या आवाजाने होते. जॉर्ज ल्युकसच्या 1971 च्या 'टीएचएक्स 1138' या चित्रपटातून तो उचललेला आहे. 'नाइन इंच नेल्स' हे नाव बँडचं असलं, तरी त्या काळी स्टुडिओत तो बँड म्हणजे बहुतांशी एकटा ट्रेंट रेझनर होता. अल्बमचं नाव 'द डाउनवर्ड स्पायरल', प्रकाशन 8 मार्च 1994. तेव्हा रेझनर अठ्ठावीस वर्षांचा होता.

या संगीताला 'इंडस्ट्रियल' हे नाव कसं पडलं, हे आधी थोडक्यात. लंडनच्या 'थ्रॉबिंग ग्रिसल' या मंडळींनी 1976 साली स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, तिचं नाव 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स'. पुढे पश्चिम बर्लिनमधल्या तरुणांनी पत्रे, ड्रिल, भंगार हीच वाद्यं केली. म्हणजे कारखान्याचा आवाज हाच सूर. रेझनरने त्यात गाण्याची चाल आणली, आणि हा गोंगाट लाखो घरांत शिरला.

अल्बमची कथा म्हणजे एक माणूस पायरीपायरीने खाली जातो. धर्म, देह, माणसं, एकेक सोडत जातो आणि शेवटी आत्मनाशापाशी येतो. चौदा गाणी, साधारण पासष्ट मिनिटं. सोबतीला सहनिर्माता फ्लड आणि मिश्रण करणारा अ‍ॅलन मोल्डर. काही ठिकाणी एड्रियन बेल्यूची गिटार आहे. गिटार वाजवायची, ती संगणकात घ्यायची, आणि तिथे तिची इतकी मोडतोड करायची की ती गिटार आहे हे ओळखूच येऊ नये, अशी कामाची रीत. पण कान जागा ठेवला तर यात हिशोब किती आहे ते कळतं. 'मार्च ऑफ द पिग्ज' या गाण्यात सात, सात, सात आणि मग आठ असे ठोके आहेत. रूपकाचा अंदाज बांधून हात धरावा, तर चौथ्या आवर्तनाला एक मात्रा जास्त! ठेच लागते, आणि ती मुद्दाम ठेवलेली आहे.

आता मूळ मुद्दा. हा अल्बम बहुतांशी लॉस एंजेलिसमधल्या 10050, सिएलो ड्राइव्ह या भाड्याच्या घरात तयार झाला. 9 ऑगस्ट 1969 च्या रात्री याच घरी चार्ल्स मॅन्सनच्या अनुयायांनी पाच जणांचे खून केले. त्यांत अभिनेत्री शॅरन टेट होती, सव्वीस वर्षांची, आणि दिवस भरत आलेली गर्भवती. मारेकऱ्यांनी दारावर रक्ताने 'पिग' असा शब्द लिहिला होता. रेझनरचं म्हणणं असं, की बरीच घरं पाहिली, त्यांत हे जास्त आवडलं. असेलही. पण तिथे थाटलेल्या स्टुडिओचं नाव त्याने ठेवलं 'ल पिग'. घर योगायोगाने मिळू शकतं हो. नाव योगायोगाने ठेवलं जात नाही.

एकदा शॅरनची धाकटी बहीण पॅटी टेट त्याला भेटली. तिने सरळ विचारलं, माझ्या बहिणीच्या घरात राहून तू तिच्या मृत्यूचा फायदा उठवतो आहेस का? रेझनरने पुढे मुलाखतीत सांगितलं, की तोवर त्याला ते सगळं अमेरिकेच्या लोककथेसारखं वाटत होतं. ही माझी बहीण असती तर, हा विचार त्या क्षणी पहिल्यांदा आला, आणि त्या रात्री घरी जाऊन तो रडला.

आपल्याकडे भट्टनायकाने साधारणीकरण सांगितलं, ते अनेकांनी वाचलेलं असेल. दुःख 'माझं' किंवा 'त्याचं' उरत नाही, तेव्हाच त्याचा करुण रस होतो. अभिनवगुप्ताने रसाची विघ्नं सांगितली, त्यांतलं एक हेच, की आपल्या किंवा दुसऱ्याच्या विशिष्ट देशकालाला चिकटून राहणं. सिएलो ड्राइव्हच्या बाबतीत तो देशकाल सुटलेलाच नव्हता. बहीण जिवंत होती, समोर उभी राहून विचारत होती. असं दुःख कलावंताने वातावरणनिर्मितीसाठी वापरावं का? आमचं मत, वापरू नये. पण त्याच घरात, त्याच हातांनी झालेलं संगीत खोटं आहे असं मात्र म्हणता येत नाही. इथेच आमची अडचण होते.

स्वागताचं म्हणाल, तर अल्बम अमेरिकेच्या यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर आला. पहिला होता त्याच दिवशी निघालेला साउंडगार्डनचा. विल्यम बेनेट आणि सी. डेलोरेस टकर यांनी 1995 मध्ये टाइम वॉर्नरविरुद्ध मोहीम चालवली, त्यात यातलं एक गाणंही होतं. त्या वर्षीच टाइम वॉर्नरने इंटरस्कोप या कंपनीतला आपला वाटा विकला. गंमत अशी, की या सगळ्या गदारोळात पॅटी टेटचा प्रश्न कुणीच विचारला नाही. भांडण शब्दांवर झालं, घरावर नाही.

ते घर 1994 साली पाडलं. जाताना रेझनरने दरवाजा काढून न्यू ऑर्लिन्सला नेला आणि आपल्या नव्या स्टुडिओला लावला. तोच दरवाजा. हे आम्हांला अजून पचत नाही.

अल्बमचं शेवटचं गाणं 'हर्ट'. मूळ ध्वनिमुद्रणात त्याच्या मागे सतत एक खरखर आहे आणि अखेरीस गिटारचा कर्कश आघात. निर्माता रिक रुबिनने 2002 साली ते जॉनी कॅशकडून गाऊन घेतलं. सत्तरीतला, आजारी गायक, आवाज थरथरता. त्याने एक शिवी काढून तिथे काट्यांचा मुकुट आणला, बाकी शब्द तेच. मार्क रोमानेकने त्याची चित्रफीत कॅशच्या बंद पडलेल्या, पडझड झालेल्या संग्रहालयात चित्रित केली. म्हणजे इथेही घरच, पण स्वतःचं. पायऱ्यांवर पत्नी जून उभी राहून त्याच्याकडे पाहते. मे 2003 मध्ये ती गेली, सप्टेंबरात कॅश. ती चित्रफीत पाहिल्यावर रेझनर म्हणाला, की हे गाणं आता आपलं राहिलं नाही. तरी पुढेही तो आपल्या कार्यक्रमांच्या अखेरीस तेच गात राहिला.